सौंदर्याचा ताळेबंद

सौंदर्य हा मराठीच्या प्राध्यापकाचा हक्काचा विषय. सौंदर्य वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या दृष्टीत, त्याचा नीतीशी संबंध असावा की नसावा, ह्या प्रश्नांवर आम्ही मंडळी पंचवीस-तीस वर्षे पगार घेतो आणि प्रश्न जिथल्या तिथे ठेवून निवृत्त होतो. पण सौंदर्य बादलीने मोजता येते, त्याला परवाना लागतो, आणि त्याचा जमाखर्च चारचौघांसमोर फळ्यावर मांडता येतो, ही गोष्ट मात्र मला कोणत्याही साहित्यशास्त्राने सांगितली नव्हती. ती यंदा माझ्या विद्यार्थ्यांच्या संगतीत कळली. ह्या सदरात मी एरवी पुस्तकांच्या नि माणसांच्या गोष्टी सांगतो. आज दिवाळीच्या निमित्ताने उटण्याची सांगणार आहे.

आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे काम थोडेफार माझ्याकडे असते. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. त्या वेळी देशातली ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. वर्षाला १२० तास सेवा आणि सात दिवसांचे खेड्यातले शिबिर, असा तिचा साधा नेम. आता कोणत्याही नेमाचे पुढे काय होते ते वाचकांना ठाऊक आहेच. पावसाळा आला की वृक्षारोपण होते, पाहुणे येतात, छायाचित्र निघते, आणि पुढच्या पावसाळ्यात तोच खड्डा नव्या रोपासाठी पुन्हा उपयोगी पडतो. खड्डे मात्र आपल्याकडे चांगले टिकतात!

तर यंदा जुलैच्या बैठकीत वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी उभा राहिला नि म्हणाला, "सर, झाडे लावण्याचे काम चालूच राहू दे. पण एक बारमाही गट काढू. निसर्गाला न ओरबाडता करता येतील अशी सौंदर्यप्रसाधने करू. उटणे, शिकेकाई, केसांचे तेल. दिवाळीत विकू. पैसा येईल, त्यातून पर्यावरणाची कामे करू."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी आधी एकमेकांकडे पाहिले आणि मग वाजवल्या. घरी ही बातमी सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "घरातले पीठ चाळायची वेळ आली की तुमचा खांदा दुखतो, आता गावाचे उटणे चाळणार?" ह्या प्रश्नाला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात उत्तर नाही.

मी विद्यार्थ्यांना म्हटले, "काढू गट. पण आधी एक दिवस हिवरे बाजारला जाऊन येऊ." एक मुलगी हसून म्हणाली, "सर, तिथे कुठे उटणे करतात?" मी म्हटले, "तिथे उटणे करत नाहीत. तिथे हिशेब करतात."

हिवरे बाजार आमच्या शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवर आहे. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण आम्हा जुन्या रहिवाशांच्या जिभेवर नगरच आहे. ह्या गावाची कथा महाराष्ट्राने इतक्या वेळा ऐकली आहे की ती पुन्हा सांगताना संकोच वाटतो. परंतु ऐकलेली गोष्ट आणि पाहिलेली गोष्ट ह्यांत नेहमीच अंतर असते. १९७२ च्या दुष्काळाने गावाचे कंबरडे मोडले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, दारूच्या भट्ट्या तेवढ्या पेटत्या राहिल्या, आणि हाती काम नसलेली माणसे पोट भरायला बाहेर पडली. सरकारी नोकराला शिक्षा द्यायची तर त्याची बदली हिवरे बाजारला करीत, असे अजूनही सांगतात. १९९० च्या सुमारास वाणिज्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या पोपटराव पवार ह्या तरुणाला गावाने सरपंच केले, आणि तिथून गावाच्या नशिबाची वही पालटली. त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली.

माझ्या विद्यार्थ्यांना मला दाखवायचे होते ते निराळेच. गावाने आधी काय केले? आधी काय करायचे नाही ते ठरवले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान, अशी ती सूत्रे. पाचांपैकी चारांच्या शेवटी 'बंदी' आहे हे ध्यानात घ्या. श्रमदान हे एकच काय ते करायचे. पुढे त्यांत आणखी नियम आले. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायची नाही. ऊस-केळीसारखी तहानलेली पिके लावायची नाहीत. गावाची जमीन बाहेरच्याला विकायची नाही. डोंगरावरचे गवत हवे असेल तर विळ्याने कापून आणा, गुरे वर सोडायची नाहीत.

आपल्याकडे कोणतेही चांगले काम आरंभीच उत्साहाने फुगते. काय काय करायचे ह्याची यादी होते, समित्या होतात, घोषवाक्ये ठरतात. काय करायचे नाही ही यादी करायला मात्र कोणी बसत नाही, कारण तिच्यावर टाळ्या पडत नाहीत. हिवरे बाजारने ती आधी केली. १९९३ नंतर सुमारे ७० हेक्टर उजाड वनजमीन पुन्हा हिरवी करण्याचे काम निघाले. गावकऱ्यांनी डोंगरउतारावर हजारो समतल चर खणले. उतारावरून धावणारे पाणी चालू लागले, चालणारे थांबले, थांबलेले जमिनीत मुरले. मुरले म्हणून विहिरींत उतरले. गवत वाढले म्हणून दूध वाढले. नव्वदच्या दशकाच्या मध्यात दिवसाला १५० लीटरच्या आसपास असलेले गावाचे दूध पुढच्या दहा-बारा वर्षांत ४,००० लीटरपर्यंत गेले.

आणि सर्वांत मोठी मौज पुढेच आहे. ह्या गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला ते मोजायचे. त्यातले किती मुरले ह्याचा अंदाज घ्यायचा. माणसांच्या नि जनावरांच्या पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे. आणि उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस कमी झाला तर गव्हाचा हट्ट धरायचा नाही, ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचे. वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावाला दुसरा मार्गही नाही. आपल्या घरात पगार हाती येण्यापूर्वी त्याचा खर्च ठरलेला असतो; इथे आधी जमा मोजतात नि मग खर्चाला हात घालतात.

परतीच्या वाटेवर एसटीत ह्याच विषयावर बोलणे चालले होते. खिडकीशी बसलेली पाथर्डीकडची एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, "सर, आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो. टँकर आला त्या दिवशी बाया केस धुतात. इतर दिवशी पदराखाली झाकतात. तुम्ही आमच्यासाठी शिकेकाई कराल. पण ती धुऊन काढायला पाणी कुठून आणाल?"

एसटीत एकदम शांतता पसरली. पंचवीस वर्षांपूर्वी सौंदर्यशास्त्राचा पेपर देऊन मी बाहेर पडलो, पण इतका नेमका प्रश्न त्या पेपरात नव्हता. बाईच्या केसांची चमक कंपनीच्या बाटलीत नसते, आजीच्या डब्यातही नसते. ती आधी विहिरीच्या तळाशी असते. आपण शहरातले लोक नळ सोडतो आणि मग कोणता साबण चांगला ह्यावर वाद घालतो. वादाला पाणी आयते मिळाले आहे म्हणून वाद चालतो.

दुसऱ्या दिवशी आमचा गट बसला तो ह्याच प्रश्नापासून. वहीच्या पहिल्या पानावर करायच्या वस्तूंची यादी नव्हती. न करायच्या गोष्टींची होती.

पहिली गोष्ट, चंदन वापरायचे नाही. उटण्याच्या प्रत्येक पाकिटावर चंदनाचे खोड छापलेले असते. परंतु चंदनाचे झाड वाढायला वर्षानुवर्षे जातात, चोर ते एका रात्रीत नेतो, आणि जगातल्या धोक्यात आलेल्या झाडांच्या यादीत त्याचे नाव आहे. सुगंधासाठी झाड पाडून वर निसर्गप्रेमाचे लेबल लावायचे, हे आम्हाला जमणार नव्हते.

दुसरी, वाळा खणायचा नाही. वाळ्याची मुळे सुगंधी खरी, पण तीच मुळे खोल जाऊन बांधाची माती धरून ठेवतात. ज्या गावांनी चर खणून माती अडवली, त्यांच्या शेजारी राहून बांधावरचा वाळा उपटणे म्हणजे एका हाताने रांगोळी काढून दुसऱ्या हाताने पुसण्यासारखे आहे.

तिसरी, प्लॅस्टिकची पुडी नाही. येथे मात्र थोडे थांबले पाहिजे. शांपूच्या पुडीला नावे ठेवणे सोपे आहे. तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन ह्यांनी शांपू पुडीत घालण्याची कल्पना काढली आणि त्यांचे चिरंजीव रंगनाथन ह्यांनी १९८३ साली स्वतःचा धंदा काढून ती खेड्यापाड्यांत नेली. ज्या मोलकरणीला पूर्ण बाटली कधी परवडली नसती तिच्या हातात ह्या पुडीमुळे शांपू आला, हे उपकार नाकारता येत नाहीत. पण रिकामी पुडी कोणी उचलत नाही. ती निरनिराळ्या थरांची असते, वजनाला काही भरत नाही, भंगारवाला घेत नाही. ती सरळ ओढ्यात जाते. महाराष्ट्राने २०१८ साली प्लॅस्टिकबंदी केली, पण ओढ्याने अजून तो आदेश वाचलेला दिसत नाही. आम्ही ठरवले की आमची पुडी जुन्या सुती साडीची.

चौथी गोष्ट आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी घालून दिली. 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' असे समजायचे नाही. रिठ्याला नि शिकेकाईला जो फेस येतो तो सॅपोनिन ह्या द्रव्यामुळे. मळ काढायला ते उत्तम, पण तेच पाणी थेट तळ्यात गेले तर मासळीला अपाय होतो. पूर्वी कित्येक ठिकाणी मासे गुंगवायला असल्या वनस्पती वापरीत. तेव्हा न्हाणीचे पाणी ओढ्यात नाही, परसातल्या झाडाच्या आळ्यात. उलट, बाजारातल्या काही चेहरा घासायच्या मलमांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी असत. ते गटारातून नदीत नि नदीतून समुद्रात जातात. अमेरिकेने २०१५ साली त्यांच्याविरुद्ध कायदा केला, आपल्याकडील मानक ब्यूरोनेही २०१७ साली ते अयोग्य ठरवले. ह्या मण्यांचे काम मसुरीचे जाडसर पीठ पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहे, आणि ते नदीत गेले तर मासा ते खातो इतकेच.

पाचवी बंदी मुलींनी सुचवली, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची. आमच्या पुडीवर 'गोरेपणा', 'उजळपणा', 'नितळ कांती' ह्यांपैकी एकही शब्द येणार नाही.

ह्यावर मुलांपैकी एकजण म्हणाला, "मग लोक उटणे घेतील कशाला?" तेव्हा एक सावळी, अंगाने किरकोळ, पण बोलायला खणखणीत अशी मुलगी उठली. ती म्हणाली, "माझ्या मोठ्या बहिणीला तीन ठिकाणांहून नकार आला. तिघांनीही कारण सांगितले नाही. चौथ्यांनी सांगितले. त्या दिवसापासून आमची आई दर गुरुवारी तिच्या तोंडाला काहीतरी लावून बसवते. ती बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आहे, सर. तिच्या चेहऱ्याला काय झाले आहे ते मला अजून कळलेले नाही."

पुढे चर्चा झाली नाही. ठराव एकमताने झाला.

मला त्या वेळी आठवले की गोरे करण्याचे वचन देणारे जे मलम १९७५ साली आपल्या देशात आले, त्याच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढायला २०२० साल उजाडावे लागले. पंचेचाळीस वर्षे! तेवढ्या काळात किती मुली आरशासमोर उभ्या राहिल्या असतील त्याचा ताळेबंद कोणत्याही ग्रामसभेने मांडलेला नाही. ओढ्यात पडलेली पुडी निदान दिसते तरी. मनात पडलेला शब्द उचलायला कोणता सफाई कामगार आणायचा?

असो. न करायच्या गोष्टी झाल्या. आता करायचे काय? इथे आमच्या मदतीला शेतकऱ्याचा वैरी धावून आला. मोथा नावाचे तण वाचकांपैकी ज्यांची शेती आहे त्यांना चांगले ठाऊक असेल. खुरपले तरी येते, नांगरले तरी येते. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळच असते, एक राहिली की पुन्हा सारे रान भरते. त्या गाठी धुऊन, वाळवून, कुटल्या की मंद मातकट सुगंध येतो. बाजारात नागरमोथा म्हणून जे मिळते ते ह्याच कुळातले. म्हणजे आम्हाला जे हवे होते ते शेतकऱ्याला नको होते. असा सौदा जगात क्वचित जुळतो.

शहराच्या वेशीवरच्या एका गावात आमची मुले दोन रविवार मोथा खणायला गेली. शेतकऱ्याचे रान साफ झाले, सेवेचे तास भरले, आणि गाठींचे पोते महाविद्यालयात आले. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजींनी सारा प्रकार पाहून मला विचारले, "मास्तर, आमची हयात गेली ह्या मोथ्याला शिव्या देन्यात. आन्‌ तुमी त्यो आंगाला लावनार व्हय?" मी 'हो' म्हटल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग म्हणाल्या, "लावा, लावा. तेवढाच त्यो रानातनं कमी व्हईल." सौंदर्यप्रसाधनाची इतकी रोखठोक समीक्षा माझ्या वाचनात नाही.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. आमच्या शेजारी एक निवृत्त औषधनिर्माते राहतात. पहिली चाळणी फिरण्यापूर्वीच त्यांच्याशी बोलून घेतले होते, ते बरे झाले. त्यांनी शांतपणे सांगितले की अंगाला लावायची वस्तू विकण्यासाठी बनवायची तर औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आहे. त्याखालचे सौंदर्यप्रसाधन नियम २०२० सालचे आहेत. परवाना लागतो, जागा लागते, जाणकार माणूस लागतो, लेबलावर काय लिहायचे तेही ठरलेले असते. "आणि हा कायदा योग्यच आहे," ते म्हणाले. "तुमच्या उटण्याने एखाद्या लेकराच्या अंगावर पुरळ उठले तर तुम्ही कोणाला सापडणार? दिवाळी संपली की तुमचा गट परीक्षेला बसणार!"

वाणिज्यवाल्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "सर, विको कंपनीचे केशव पेंढारकर १९५२ साली लहानशा जागेतूनच उभे राहिले ना? घरोघर फिरून विकलेच ना?" मी म्हटले, "विकले. पण धंदा म्हणून, कायद्याचे सारे ओझे अंगावर घेऊन. तू तसा धंदा काढ, मी पहिला गिऱ्हाईक. सेवेच्या नावाखाली बिनपरवान्याचा धंदा मात्र नको."

तेव्हा तो जे बोलला ते मी जसेच्या तसे लिहितो. "सर, ज्याच्या घरी भाकर आहे त्याने फुकट सेवा करावी. माझ्या मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकले आहेत."

वाचकहो, सेवेवर भाषणे करणाऱ्या आम्हा लोकांनी हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावे अशा योग्यतेचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांना ते शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. म्हणून त्यांनी मुलाच्या हातात पुस्तकाबरोबर कुदळही दिली, पण त्या कुदळीचे मोल त्याच्या शिक्षणात जमा केले. 'कमवा आणि शिका' ह्या तीन शब्दांत जो स्वाभिमान आहे तो 'निःस्वार्थ सेवा' ह्या दोन शब्दांत नेहमीच असतो असे नाही. गावाने श्रमदान केले तेव्हा त्या श्रमाचे पाणी त्याच गावाच्या विहिरीत उतरले. शहरातल्या विद्यार्थ्याचे श्रमदान कोणाच्या विहिरीत उतरते, हा प्रश्न त्याने विचारला तर त्याला स्वार्थी म्हणायचे कारण नाही.

पुष्कळ खल होऊन दोन गोष्टी ठरल्या. उटणे विकायचे नाही; ते करायला शिकवायचे. आणि विकायची ती पिशवी. जुन्या सुती साड्यांच्या दोरीच्या पिशव्या, लहान-मोठ्या, भाजीपासून दागिन्यांपर्यंत कशालाही चालतील अशा. त्यांना ना पुरळ उठते ना परवाना लागतो. ज्या मुलांना कमाईची गरज आहे त्यांनी त्या शिवायच्या, आणि मजुरी हातात घ्यायची. हिशेब ठेवायला तोच वाणिज्याचा विद्यार्थी बसला. त्याने पहिल्याच दिवशी अट घातली की जमाखर्च फळ्यावर सर्वांसमोर लिहायचा. हिवरे बाजारच्या फेरीचा ज्याला सर्वाधिक उपयोग झाला तो हाच. मेसचे सारे पैसे फिटले असे मी म्हणणार नाही. पण थकबाकी कमी होते आहे, आणि तो मान वर करून मेसमध्ये जातो.

मग सप्टेंबरपासून आमची मुले घरोघर निघाली. वाड्यांत, गृहनिर्माण संस्थांत, एका वस्तीशाळेत. दहा-वीस बायका जमायच्या, मुले डबे उघडून बसायची आणि प्रत्येकीने आपल्या घरचे साहित्य आपल्या हाताने मिसळायचे. गंमत अशी की शिकवायला गेलेली मुलेच पुष्कळ शिकून आली. एका आजींनी सांगितले की आंबेहळद फार घालू नये, कोरड्या त्वचेला झोंबते. दुसरीने संत्र्याची साल सावलीत वाळवायला सांगितली, कारण उन्हात तिचा वास उडतो. हे सारे ज्ञान स्वयंपाकघरात पडून होते, त्याला विचारणारा कोणी येत नव्हता. आपल्या हळदीने जखम भरते ह्या गोष्टीवर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले, तेव्हा आपण खडबडून जागे झालो. डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक परिषदेने जुने लेखी पुरावे काढून लढा दिला आणि १९९७ साली ते रद्द करवले. पुरावा लिहिलेला होता म्हणून जिंकलो. ज्या आजीचे ज्ञान कोणी लिहून घेतलेच नाही तिच्या वतीने कोण लढणार? म्हणून आमच्या मुलांनी एक वही केली आहे. सांगणारीचे गाव, घटक, कृती, आणि तिने दिलेली ताकीद, असे चार रकाने. मराठीच्या प्राध्यापकाला त्या वहीत फार रस आहे. त्यातले शब्द आमच्या कोशांत सापडतीलच अशी मला खात्री नाही.

पाथर्डीकडच्या त्या मुलीच्या प्रश्नाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर उटण्यात नाही. यंदाचे सात दिवसांचे हिवाळी शिबिर तिच्या वस्तीजवळ घ्यायचे ठरले आहे. वृक्षारोपण नाही, उतारावर चर खणायचे. सात दिवसांत डोंगर हिरवा होणार नाही, हे हिवरे बाजार पाहून आलेली मुले जाणतात. तिथे पुष्कळ वर्षे लागली, आणि गाव एक झाले म्हणून लागू पडली. वस्तीवरची माणसे कुऱ्हाडबंदीला तयार होतील का, गुरे वर सोडायची नाहीत म्हटल्यावर शेळ्यांवर जगणाऱ्या घराने करायचे काय, हे प्रश्न तिने आताच मांडले आहेत आणि माझ्याजवळ त्यांची तयार उत्तरे नाहीत. ती उत्तरे त्या वस्तीलाच बसून काढावी लागतील. आम्ही कुदळी घेऊन जाऊ, मोजपट्टी घेऊन जाऊ, आणि ग्रामसभेत मागच्या बाजूला बसू.

आता वाचकांसाठी दिवाळीचा फराळ म्हणून त्या वहीतली एक साधी कृती देतो. दोन वाट्या मसूर डाळ सावलीत वाळवून जाडसर दळा. संत्र्याच्या वाळलेल्या सालींची पूड अर्धी वाटी, वाळल्या गुलाबपाकळ्यांची अर्धी वाटी, मोथ्याची पाव वाटी, आंबेहळद दोन चमचे. सर्व बारीक चाळणीने चाळून कोरड्या काचेच्या बरणीत भरा. पाणी लागू देऊ नका. वापरण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला चिमूटभर लावून थोडा वेळ पाहा. खाज सुटली तर नाद सोडून द्या. तान्ह्या मुलाला लावायचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल जिरवून मग दुधात किंवा पाण्यात कालवून लावा.

ह्या उटण्याने कोणी गोरे होणार नाही. मळ निघेल, अंगाला मंद वास येईल, आणि घरातल्या आजीला आपल्याला काही येते ह्याचा आनंद होईल. अंघोळीला बादली एकच घ्या. तिच्यात जे पाणी आहे ते कोणत्या धरणातून, कोणाच्या वाट्यातून आले, ह्याचा हिशेब पहिल्या अंघोळीच्या वेळी मनातल्या मनात केला तरी पुरे. आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर तिच्या अंगाला उटणे लावताना रंगाविषयी एक अक्षरही बोलू नका. तेवढी एक बंदी प्रत्येक घराने पाळली, तर आमच्या गटाने यंदा भरपूर सेवा केली असे मी समजेन.

दिवाळी सर्वांना सुखाची जावो.